बहिणीच्या हातचा धागा

जुसबने ब्रेक मारला आणि हरजीवन आघाराचं कपाळ समोरच्या काचेवर आपटलं. फार जोरात नाही, पण आवाज झाला. तो आवाज लाकडासारखा निघाला, याचाच हरजीवनला जास्त राग आला. रस्त्याच्या मधोमध एक म्हैस उभी होती आणि आपण कुणाच्या गाडीला आडवं आलो आहोत याची तिला फिकीर नव्हती. "सेठ, लागलं?" जुसबने विचारलं. "पट्टा लावला असता तर..." "तू गाडी चालव. मला शिकवू नकोस," हरजीवन म्हणाला. पट्ट्याच्या खाचेत जुसबनेच बाजारातून आणलेली एक सुटी कडी खोचून ठेवली होती, म्हणजे गाडी टुंग टुंग करून डोकं खात नसे. गाडीची समजूत होती की सेठ पट्ट्यात बसले आहेत. सेठ मोकळे बसले होते. मागच्या सीटवर मनहरकुमारांच्या केसालाही धक्का लागला नव्हता, कारण मनहरकुमारांनी पट्टा लावला होता. मागच्या सीटवर पट्टा! हरजीवनने आरशातून पाहिलं. छातीवरून तिरका काळा पट्टा, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. शाळेच्या सहलीला निघालेल्या पोरासारखा बसला होता साठीला आलेला हा माणूस. हरजीवनच्या मनात नेहमीची ती तुच्छता दाटून आली. गेली कित्येक वर्षं सकाळच्या चहाइतकी ती त्याच्या सवयीची झाली होती. मनहरकुमारांकडे पाहिलं की त्याला बरं वाटे. जगात आपल्यापेक्षा इतका बावळट माणूस आहे, तो आपल्याच बहिणीचा नवरा आहे आणि आपल्याच पगारावर जगतो आहे, यात एक प्रकारची स्वस्थता होती.

"कुमार, काल सांगितलेलं ध्यानात आहे ना?" त्याने मान न वळवता विचारलं. "आहे, हरजीवनभाई." "कारखाना तपासणारी ती सरकारी बाई नवी आहे, खोदून खोदून विचारेल. तुम्ही एवढंच म्हणायचं, जबाबदारी माझी. माझ्या नजरचुकीने झालं. पुढे आपला वकील बघून घेईल." "बरं." नुसतं बरं! ना हो, ना नाही. हरजीवनला वाटलं, या माणसाला बैलासारखं दावं लावून कचेरीत न्यावं आणि खुंट्याला बांधून यावं. पण तोंडाने तो 'कुमार' म्हणत होता आणि 'तुम्ही' म्हणत होता. बहिणीच्या नवऱ्याला कुमार म्हणायचं, तो आला की उठून उभं राहायचं, ताटात पहिली पोळी त्याला वाढायची, हे राजकोटात कुणी कुणाला शिकवत नाही. हरजीवन हे सगळं चोख करी. सेठ असूनही बहिणीच्या नवऱ्याला किती मान देतात, असं कारखान्यातले लोक म्हणत. मान द्यायला काय लागतं? मानाला काही खर्च येत नाही. धंदा बुडून मनहरकुमार रस्त्यावर आले तेव्हा हरजीवनने त्यांना आपल्या बिजागऱ्यांच्या कारखान्यात घेतलं होतं, आणि वर्षभरातच कायद्याच्या कागदावर 'कब्जेदार' म्हणून त्यांचं नाव टाकलं होतं. कागदपत्रं करणाऱ्याने समजावून सांगितलं होतं, "सेठ, कारखान्यात काही कमी-जास्त झालं तर सरकार कब्जेदाराला धरतं. मजुराच्या जिवाची काळजी घ्यायची जबाबदारी त्याची. जो खरा मालक, ज्याचा शब्द शेवटचा, तो कब्जेदार." "मग आमचे कुमार," हरजीवन ताबडतोब म्हणाला होता. मनहरकुमारांना नवी खुर्ची मिळाली, दारावर पाटी लागली, लाभूने पेढे वाटले. लाभू म्हणजे हरजीवनची धाकटी बहीण, मनहरकुमारांची बायको. बिचारीला वाटलं भावाने नवऱ्याला मालक केलं. हरजीवनला तेव्हाही हसू आलं होतं. शेतात बुजगावणं उभं करतात, तेही दोन हात पसरून असंच ऐटीत उभं असतं.

कपाळावर टेंगूळ येत होतं. त्याने बोट लावून पाहिलं. बोटाखाली मऊ, गरम, आपलंच पण परकं वाटणारं मांस. आणि एकदम, काही कारण नसताना, त्याला बापाचा हात आठवला. कुरजीबापा ताप पाहायला कपाळावर हात ठेवत तो हात. उजव्या हाताची मधली दोन बोटं मुळापासून गेलेली. त्या जागी दोन गोळे, गुळगुळीत, थंड, कातडी ताणून बसवल्यासारखे. लहानपणी हरजीवन ताप आला तरी सांगत नसे, त्या हाताच्या भीतीने. पाहुण्यांसमोर बापा तो हात वर करून दाखवत. "पहिल्या प्रेसने घेतली. दक्षिणा दिली तेव्हा लक्ष्मी आली," असं म्हणून मोठ्याने हसत. पाहुणे माना डोलवत. राजकोटात त्या पिढीचे असे पुष्कळ होते, आणि ज्याची दहा बोटं शाबूत त्याने कसला कारखाना काढला, असं आपापसात म्हणायची पद्धत होती. हरजीवनची दहाच्या दहा शाबूत होती. त्याला बापाच्या त्या बढाईची चीड होती. कारण पाहुणे गेले की बापा दाराआड उभे राहत आणि आई त्यांच्या अंगरख्याचे बंद बांधून देई. रोज, मरेपर्यंत. बापा भिंतीकडे बघत उभे, आई बांधते आहे, दोघंही एक शब्द बोलत नाहीत. हरजीवनने ते दाराच्या फटीतून पाहिलं होतं. पाहून त्याला दया आली नव्हती, किळस आली होती. या गोष्टीचा आज काय संबंध, असं म्हणून त्याने काच खाली केली आणि बाहेर थुंकला.

संबंध होता, आणि तो त्याला ठाऊक होता. दितियाचाही उजवाच हात होता. दितिया डामोर, दाहोदकडचा, प्रेसवर बिजागऱ्यांचे पत्रे कापणारा. गप्प, काळा, दांडगा माणूस. मावा चघळत पाय पेडलवर ठेवून उभा राहिला की दिवस मावळेपर्यंत हलत नसे. प्रेसच्या तोंडाशी तारेची जाळी होती. जाळी बंद केली की तिच्याखालची छोटी दांडी दाबली जाई आणि मगच वरचा ठोकळा खाली येई. जाळी उघडी असेल तर तुम्ही पेडलवर नाचलात तरी ठोकळा जागचा हलणार नाही. यंत्र विकणाऱ्याने हे मोठ्या कौतुकाने करून दाखवलं होतं, आणि हरजीवन त्याच वेळी हिशोब करत होता की दर पत्र्यामागे जाळी उघडायची, मिटायची, उघडायची म्हणजे दिवसाचं अर्धं काम गेलं. मग दसरा आला. दसऱ्याला लाभू माहेरच्या कारखान्यात पूजेला येई. भावाच्या यंत्रांना बहिणीने कुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा, श्रीफळ वाढवायचं आणि लाल-पिवळा धागा बांधायचा, ही कुरजीबापांच्या वेळेपासूनची रीत. हार घालायला जाळ्या उघडलेल्या होत्या. धागा कुठे बांधायचा म्हणून लाभूने यंत्रभर नजर फिरवली. एवढ्या तेलकट लोखंडात बांधण्याजोगी तिला एकच जागा दिसली, ती छोटी दांडी. तिने सात फेरे घेऊन घट्ट गाठ मारली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझ्या भाईला आणि त्याच्या माणसांना सुखी ठेव," असं ती पुटपुटली. दांडी दाबलेलीच राहिली. दुसऱ्या दिवशी जाळी उघडी आणि प्रेस चालू. दुपारपर्यंत बिजागऱ्यांचा ढीग लागला.

मनहरकुमार धावत आले होते. हा माणूस फक्त वाईट बातमी घेऊनच धावतो, असं हरजीवनला वाटलं. "हरजीवनभाई, दांडीवरचा धागा कापायला हवा. जाळी उघडी असताना प्रेस चालतेय. कुणाचा हात जाईल." गोरधन फोरमन शेजारीच उभा होता, मजूरही कान टवकारून होते. हरजीवनने हात जोडून वर पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कुमार, बहिणीच्या हातचा धागा आहे. पूजेतला. तो आपण कापायचा नसतो, आपोआप गळून पडायचा असतो. आणि बघता ना, तिच्या हाताला लक्ष्मी आहे." मग मजुरांकडे वळून, "काय रे, माताजीचा धागा आहे यंत्राला, तुम्हाला काय होणार आहे?" मजूर हसले. दितियाने तर वाकून धाग्याला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. मनहरकुमार शेपूट घालून आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. धागा गळून पडला नाही. तेल पिऊन तो चामड्यासारखा झाला. पुढच्या दसऱ्याला लाभूने त्याच्यावर दुसरा बांधला, मग तिसरा. प्रत्येक यंत्राला. हरजीवन दर वर्षी तिला साडी घेऊ लागला, आधीपेक्षा भारी. ही आपली केवढी हुशारी, असं त्याला वाटे. सरकार, कायदा, यंत्र विकणारा परदेशी बनिया, सगळ्यांच्या नाकावर एक दोऱ्याचं रीळ टिच्चून बसलं होतं. धाग्याला कोण हात लावील? अधूनमधून तपासणी झाली तेव्हाही कुणाला तिथे वाकून पाहावंसं वाटलं नाही. देवाचं दिसलं की लोक नजर आदराने दुसरीकडे वळवतात.

आणि झालं ते दुपारी झालं. दुपारी राजकोट झोपतं. दुकानांची दारं ओढलेली, रस्ते ओस, आणि जेवून आडव्या झालेल्या माणसाला उठवणं म्हणजे पाप. कारखान्यातून फोन वाजत राहिला, हरजीवनच्या बायकोने तो उशीखाली दाबला. हरजीवन उठला, तोंड धुतलं, चहाची बशी ओठाला लावली, तेव्हा कळलं. तोवर मनहरकुमारांनी दितियाला आपल्या मांडीवर घेऊन रिक्षातून इस्पितळात नेलं होतं. ठोकळा आला तेव्हा दितियाचा हात पत्रा सरळ करत होता, एवढंच. चार बोटं. अंगठा राहिला. हरजीवनला पहिल्यांदा काय वाटलं असेल? आज हवापालट करायला कुठे जावं, असं वाटलं. दुसऱ्यांदा वाटलं, कब्जेदार कुमार आहेत, आणि त्याने उरलेला चहा शांतपणे संपवला.

तरी तो इस्पितळात गेला. न जाणं लोकांच्या डोळ्यांवर आलं असतं. सफरचंदांची पिशवी नेली. एका हाताने सफरचंद कसं चिरायचं हे त्याच्या ध्यानात आलं नाही. दितियाची बायको खाटेच्या पायाशी जमिनीवर बसली होती. तिने पदर पुढे ओढला आणि तोंड फिरवलं. हरजीवनला तिचा राग आला. या लोकांना ना बोलायची रीत, ना बसायची. दितियाने डोळे उघडले. तो रडेल, शिव्या देईल, पैसे मागेल, या सगळ्यासाठी हरजीवन तयार होऊन आला होता. रडणाऱ्याला, शिव्या देणाऱ्याला, मागणाऱ्याला काय म्हणायचं ते त्याला पाठ होतं. दितिया म्हणाला, "सेठ, धागा तर बांधलेला होता ना?" हरजीवनला कळलं नाही. "काय?" "धागा. माताजीचा. यंत्राला होता ना? मी रोज पाया पडायचो. मग माझं काय चुकलं असेल, सेठ? तुम्ही जाणते आहात, सांगा." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. बायकोनेही आता मान वळवली होती आणि ती हरजीवनकडे बघत होती, उत्तरासाठी. हरजीवन म्हणाला, "आराम कर." बाहेर येऊन त्याने जुसबवर विनाकारण तोंडसुख घेतलं. मूर्ख. अडाणी. धाग्यावर भरवसा ठेवून हात घालतो, आणि वर विचारतो चुकलं काय. अशा माणसांचे हात जाणारच. हे त्याने मनाशी इतक्या वेळा म्हटलं की शेवटी त्याला ते खरं वाटू लागलं. फक्त तो प्रश्न काही पाठ सोडीना. जेवताना, दात घासताना, देवासमोर बसल्यावर. देवासमोर तर हमखास. हात जोडले की जोडलेल्या हातांची बोटं दिसत, आणि तो घाईघाईने उठे.

काल संध्याकाळी तो मनहरकुमारांना पढवायला लाभूच्या घरी गेला होता. लाभूने पाणी आणलं. "बहिणीच्या घरचं पाणी मी पितो का कधी?" तो म्हणाला. भावाने बहिणीला द्यायचं, तिच्या दारचं घ्यायचं नाही, ही जुनी रीत तो कसोशीने पाळी. पाण्याचा पेला तसाच राहिला आणि त्याने तिच्या नवऱ्याची मान मागितली. उद्या त्या बाईसमोर काय बोलायचं आणि धाग्याचं नावही कसं काढायचं नाही ते त्याने समजावून सांगितलं. खटला झाला तरी वर्षानुवर्षं चालेल, शिक्षा झाली तरी थोडी होईल, तोवर पगार चालूच राहील. मनहरकुमार खिचडी चिवडत होते. वाढता वाढता लाभूचा हात थांबला. "भाई, कुठल्या धाग्याचं बोलतोयस?" "काही नाही. तू वाढ." "दांडीवरचा? मी बांधला तो?" "लाभू, बायकांनी यात पडायचं नसतं." ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही मला सांगितलं का नाही?" मनहरकुमार ताटाकडे बघत म्हणाले, "तुझ्या भाईंना सांगितलं होतं. सगळ्यांसमोर." लाभू अगदी हळू म्हणाली, "त्या माणसाचा हात माझ्या गाठीने गेला? मी भाईच्या माणसांसाठी मागत होते रे. तुला ठाऊक होतं आणि तू मला साड्या घेत राहिलास?" तिने नेसलेली साडी अशाच एका दसऱ्याची होती. ती तिने चिमटीत धरली, चिखल लागल्यासारखी, आणि आत निघून गेली. हरजीवन उठला. बायकांची नाटकं. जाताना त्याने रीतीप्रमाणे मनहरकुमारांना हात जोडले. "या, हरजीवनभाई," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच दारापर्यंत पोचवायला आले नाहीत. ते हरजीवनच्या आत्ता, या गाडीत, ध्यानात आलं.

कचेरी सरकारी होती. म्हणजे जिना पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेला आणि पंखे गरगरणारे. निरीक्षक मॅडम, आडनाव झाला, चष्म्याच्या, किडकिडीत, हरजीवनच्या मुलीच्या वयाच्या निघाल्या. टेबलावर घरचा डबा, त्यातून मेथीच्या थेपल्यांचा वास. हिला आपण अर्ध्या तासात गुंडाळू, असं हरजीवनच्या मनात आलं आणि कपाळ ठणकत असूनही त्याला बरं वाटलं. तो दोन खुर्च्यांपैकी मोठीवर बसला. मॅडमनी कागदावरून नजर उचलून विचारलं, "मनहरभाई कोण?" "मी," मनहरकुमार म्हणाले. ते अजून उभेच होते. "बसा. कारखान्याचे कब्जेदार आपण?" "हो." "नावापुरते, की खरोखरचे? सरळ विचारते, वाईट मानू नका. कारखान्यात शेवटचा शब्द आपला चालतो?" मनहरकुमारांनी मान वळवून हरजीवनकडे पाहिलं. त्या नजरेत ना भीती होती ना राग. नेहमीची परवानगी मागणारी नजर होती ती, वर्षानुवर्षांची. हरजीवनने डोळ्यांनीच खूण केली. हो म्हणा. आणि उशीर नको म्हणून तोंडानेही म्हणाला, "अहो, त्यांचाच चालतो. आमच्याकडे कुमारांच्या शब्दाबाहेर कुणी नाही."

"हो," मनहरकुमार म्हणाले. "माझा चालतो." मग त्यांनी मांडीवरची पिशवी टेबलावर ठेवली आणि तिच्यातून लाल-पिवळ्या धाग्यांचा पुंजका काढला. तेलाने काळवंडलेले, गाठींवर गाठी असलेले तुकडे. त्यांच्याशेजारी कारखान्याच्या मोठ्या कुलपाची चावी ठेवली. "आज सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी मी सगळ्या प्रेस बंद केल्या. विजेच्या पेटीला कुलूप घातलं. धागे माझ्या बायकोने कापले. बांधले होते तिनेच, म्हणून कापायला तीच आली. आता जाळ्या नीट होईपर्यंत आणि दितियाची सोय लागेपर्यंत एकही प्रेस चालणार नाही. हा माझा शब्द आहे. याआधी मी तो वापरला नव्हता, तो गुन्हा माझा, लिहून घ्या. धागे तसेच ठेवा असं कुणी सांगितलं तेही सांगतो."

हरजीवनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेंगूळ फुटेल की काय असं वाटलं. दिवाळीच्या मागण्या, मुंबईचा व्यापारी, बंद पडलेली यंत्रं, आणि हा! हा बावळट! आपल्या अन्नावर जगणारा! "कुणाला विचारून?" तो ओरडला. "कुणाला विचारून माझा कारखाना बंद केला?" त्याचा हात टेबलावर आपटला आणि थेपल्यांचा डबा उडाला. मॅडमनी डबा सरळ केला. मग पहिल्यांदाच नीट त्याच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, कपाळावर आठीही नाही.

"आपण कोण?"

हरजीवनने तोंड उघडलं. मालक, असं त्याच्या जिभेवर आलं. मालक म्हटलं की कब्जेदार कोण, शेवटचा शब्द कुणाचा, धागा कुणी ठेवायला लावला, हे सगळं एका रांगेत त्याच्याकडे चालत येणार होतं. ते त्याला लख्ख दिसलं, आणि त्याच्या पुढे दितिया, पट्ट्या बांधलेला हात छातीशी धरून, उत्तरासाठी थांबलेला. त्याने मनहरकुमारांकडे पाहिलं. मनहरकुमार धाग्यांकडे बघत होते. इतकी वर्षं आपलं नाव जिथून जिथून काळजीपूर्वक काढून घेतलं त्या सगळ्या जागा त्याला आठवल्या, आणि बोलायला एकच गोष्ट उरली.

"मी... ह्यांच्या बायकोचा भाऊ," तो म्हणाला.

"मग आपण बाहेर बसा, भाई," मॅडम म्हणाल्या. "इथे कारखान्याचं काम चाललंय."

बाहेर बाकडं होतं. एका टोकाला कुणी म्हातारा डोळे मिटून बसला होता, त्याने हरजीवनला जागा करून दिली. मागे दार लोटलं गेलं. आतून मनहरकुमारांचा आवाज येत होता, न अडखळता, एका संथ लयीत, पण शब्द कळत नव्हते. हा माणूस सलग इतका वेळ बोलू शकतो हे हरजीवनला माहीत नव्हतं. त्याने कपाळाला हात लावला, आणि हात तिथेच राहिला, थंड. त्याला तो आपला वाटेना. खिशातला फोन वाजला. गोरधन होता, घाबराघुबरा. "सेठ, मजूर दारात बसलेत. कुमारांनी कुलूप घातलं, मला वाटलं तुम्हीच सांगितलं असेल. मुंबईचा माल अडकलाय. पेटी फोडून चालू करू का?" हरजीवनने फोन कानाला तसाच धरून दाराकडे पाहिलं. "सेठ? ऐकू येतंय ना?" मागे दाराआड तो आवाज चालूच होता. "बरं, असं करता का," गोरधन दबकत म्हणाला, "कुमारांना विचारून सांगता?"

"ते आत आहेत," हरजीवन म्हणाला. "बाहेर आले की विचारतो."